चार बोटं हिरवी पट्टी

...नाही, पण मला एक सांगा, भाड्याच्या घराची जाहिरात समोर धरून, हात जोडून, देवा ही खोटी निघू दे, मला फसव, पार बुडव, पण ही खोटी निघू दे, असं म्हणणारा माणूस तुमच्यापैकी कुणी बघितलाय का? नाही ना? मग बघून घ्या, तो मी! लोक फसले म्हणून रडतात, मी फसलो नाही म्हणून रडलो, आणि तेही भर दुकानात, समोर गिऱ्हाईक, तोंडात टाचण्या! तोंडात टाचण्या असताना रडता येत नाही, तुम्हाला सांगतो, करून बघू नका.

मी पडदे शिवतो. सदतीस वर्षं झाली. लोकांच्या घरात काय चाललंय ते बाहेरच्याला दिसू नये याची सोय करायची, हाच माझा धंदा, आणि माझ्याच... असो. असो! क्रमानं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा भरकटला.

आमची एकुलती एक मुलगी, ठकी. खरं नाव वेगळं, पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून टकामका बघायची, म्हणून ठकी. लग्न होऊन गेली दुसऱ्या शहरात, रेल्वेनं सात तास. जावईबापू शिकलेले, सभ्य, फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी 'ॲक्च्युअली' म्हणणार. 'ॲक्च्युअली बाबा, चहा घेता का?' अहो, यात ॲक्च्युअली काय आहे? घेतो म्हणजे घेतो! तर त्यांनी घर घेतलं, मी म्हटलं पडदे माझ्याकडून, ठकीनं फोनवर माप सांगितलं, मी भारीतलं मोतिया कापड काढून जीव ओतून शिवले, स्वतः घेऊन गेलो, गॅलरीच्या दाराला लावायला गेलो आणि... सदतीस वर्षांत न चुकलेला माणूस चुकला! पडदा जमिनीपासून चार बोटं वर! बोंबला! पिशवीत दुसरं कापड नाही, होतं ते एका दवाखान्याच्या पडद्यांचं उरलेलं हिरवं. लावली पट्टी. मोत्याच्या खाली चार बोटं दवाखाना! ठकी हसून हसून जमिनीवर बसली. 'बाबा, आता कुणाला ताप आला की पडद्यामागे उभं करते, डॉक्टर आपोआप येतील!' अशी हसत होती हो... मी ते हसू घेऊन सात तास गाडीत बसलो आणि इथं आल्यावर आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतो, माझी पोरगी किती सुखात आहे.

तर यंदा म्हटलं, जाऊन येऊ. फोन केला. 'बाबा, आत्ता नको, रंगकाम चाललंय.' बरं. पुढच्या महिन्यात? 'नळ बदलतायत हो, पाणीच नाहीये.' त्याच्या पुढच्या महिन्यात? 'ऑफिसचे पाहुणे आहेत.' मग पुन्हा रंगकाम! म्हटलं, अगं, घराला रंग देताय की जहाजाला? आमची ही शेजारीच बसली होती, भाजी निवडत. एरवी मी मीठ मागितलं तरी चार वाक्यं बोलते, पण त्या दिवशी मान खाली घालून नुसती निवडत राहिली. मला तरी कुठं कळलं!

मग मला कल्पना सुचली. आता माझ्यासारख्या माणसाला कल्पना सुचूच नयेत! म्हटलं, ठकीला त्रास नको, आपणच तिच्या शहरात चार दिवस एक अख्खं घर भाड्यानं घ्यायचं, ते ऑनलाइन मिळतं म्हणे, आणि तिला आणि जावयांना तिकडंच राहायला बोलवायचं. चौघांची सहल! लग्न झाल्यापासून चौघं मिळून कुठं गेलोच नव्हतो हो.

गेलो शेजारी, कॅशियरसाहेबांकडे. बँकेतून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी हे गृहस्थ अकरा माणसं आणि चौदा बॅगा घेऊन 'तलावाकाठचा बंगला' शोधत गेले, आणि पत्त्यावर काय, तर पेट्रोल पंप! नातवंडं विचारतायत, 'आजोबा, तलाव कुठाय?' आणि पंपावरचा माणूस विचारतोय, 'किती टाकू?' दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकतात. मला म्हणाले, 'घाबरू नका! मी असताना तुम्हाला कोण फसवतो बघू!'

आणि बसलो बघत. आठवं घर आलं. 'शांत, हवेशीर, संपूर्ण घर फक्त तुमचं.' हॉलचा फोटो. सोफा अनोळखी, भिंतीचा रंग अनोळखी, पडदा मोतिया... आणि खाली चार बोटं हिरवं.

तुम्हाला सांगतो, बोटानं फोटो मोठा करून बघितला, टाकासुद्धा माझाच! सगळ्या जगात असा पडदा एकच. दुसरा शिंपी असा पडदा शिवेल तर मी धंदा सोडीन! पण लगेच म्हटलं, थांब, फोटो चोरला असेल! चोरतात ना फोटो? ठकीनं कुठंतरी टाकला असेल, कुणा भामट्यानं उचलला. त्या भामट्याला मी मनातल्या मनात मिठी मारली हो! म्हटलं, भल्या माणसा, तूच आहेस ना? खोटं आहे ना हे सगळं? खोटं निघू दे रे बाबा, खोटं निघू दे!

तुम्ही म्हणाल, मुलीला सरळ फोन करून विचारायचं. विचारलं असतं हो! पण मी विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर?

म्हणून कॅशियरसाहेबांना काहीच बोललो नाही. फक्त म्हटलं, साहेब, हे घर तपासा. नीट तपासा. कसून! आणि ते जे सुटले... 'पहिली गोष्ट, फोटो. चोरलेला फोटो दहा ठिकाणी सापडतो.' शोधला. कुठंच नाही! 'अस्सल आहे!' पाठीवर थाप. खोटं निघू दे रे बाबा... 'दुसरी गोष्ट, भाडं. भामटा नेहमी स्वस्तात देतो.' बघितलं, तर हे इतरांपेक्षा महाग! 'वा! खानदानी आहे!' 'तिसरी गोष्ट, मालकाला लिहायचं, पैसे बाहेरून परस्पर देऊ का. भामटा लगेच हो म्हणतो.' लिहिलं. मी मोबाइलकडं बघत बसलो, म्हटलं, हो म्हण रे, एकदा हो म्हण! उत्तर आलं, 'क्षमा करा, पैसे इथेच नियमाप्रमाणे भरावेत.' इतका प्रामाणिकपणा? अहो, जगात सगळीकडं लबाड माणसं भरलीत, मला हवा होता तेव्हा एक भेटेना!

'चौथी गोष्ट,' म्हणाले, 'राहून गेलेल्या लोकांचे अभिप्राय.' मोठ्यानं वाचायला लागले. 'घर स्वच्छ. मालक सभ्य.' 'आम्ही सहाजण होतो, मजा आली.' आणि तिसरा... 'सगळं उत्तम, फक्त पडद्याला दवाखान्यासारखी पट्टी का आहे ते कळलं नाही.' कॅशियरसाहेब इतके हसले, इतके हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मीही पुसले. मग तारीख बघितली. पहिले पाहुणे राहून गेले ते पाच महिन्यांपूर्वी. म्हणजे पहिलं रंगकाम चालू होतं ना, तेव्हा!

तरी मी म्हणतोच आहे, खोटं निघू दे! माणसाची आशा म्हणजे जुनी चप्पल हो, तुटली तरी पायात.

'आता शेवटची परीक्षा! व्हिडिओ कॉल! भामटा तोंड दाखवत नाही!' दुसऱ्या दिवशी दुकानातच बसून त्यांनी लावला कॉल. मी एका बाईंच्या पडद्याला चुण्या घालत होतो, तोंडात टाचण्या. पलीकडून आवाज आला, 'नमस्कार. ॲक्च्युअली, मी आत्ता घरातच आहे, फिरून दाखवतो...'

मी पडद्यामागे! खरंच! दुकानात नमुन्याचा पडदा लावलेला असतो ना, त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो, साठीचा माणूस, लपाछपी खेळल्यासारखा. बाई विचारतायत, 'अहो, माझ्या चुण्या?' आणि तिकडं कॅशियरसाहेब चौकशी करतायत, 'घरात बाकी कुणी राहतं का?' जावईबापू म्हणाले, 'नाही, नाही. ॲक्च्युअली... आता मी एकटाच असतो. इथं राहवत नाही, म्हणून दुसरीकडं राहतो.' एकटाच. त्या माणसाचाही आवाज बसलेला होता हो. राग यायला हवा होता, तोही धड येईना.

कॉल संपला. कॅशियरसाहेबांनी पडदा बाजूला करून मला बाहेर काढलं, 'शंभर टक्के खरा माणूस! अभिनंदन!' मी रडतोय, ते बघतायत, बाई बघतायत. म्हटलं, टाचणी टोचली.

घरी गेलो. ठरवलं, हिला यातलं काही कळू द्यायचं नाही, बिचारी खचेल. म्हटलं, 'अगं, ते घर फसवणुकीचं निघालं. सहल रद्द.' ही म्हणाली, 'बरं झालं.' बस्स! ना कसं, ना केव्हा, ना 'तरी मी सांगत होते!' बायको 'तरी मी सांगत होते' म्हणाली नाही, तर नवऱ्यानं समजून जावं की पाणी मुरतंय.

तेवढ्यात सात वाजले. रोज सातला ठकीचा फोन. 'काय करत होतीस गं?' 'काही नाही बाबा, पडदे धुवायला काढलेत. रंगाचे शिंतोडे उडालेत ना.' मी म्हटलं, 'थंड पाण्यात धू. हिरव्याचा रंग जातो.' 'हो बाबा.' आणि तिच्या मागून कुणीतरी बाई ओरडली, 'बाथरूम मोकळं झालंय, पुढचा नंबर कुणाचा?' आता मला सांगा, स्वतःच्या घरात कधी बाथरूमला नंबर लागतो का?

लहानपणी ठकी नाव ठेवलं, तेव्हा काय माहीत, ही इतकं वाईट ठकवेल. धड ठकवतासुद्धा येत नाही पोरीला!

मी काय बोललो कोण जाणे. जाहिराती वाचून वाचून तीच भाषा तोंडात बसलेली. म्हटलं, 'ठके, एक जागा आहे. एक खोली, खिडकी पूर्वेला. मालक नवरा-बायको, थोडे कटकटे, पण घर खरं आहे, मी स्वतः तपासलंय. बाथरूमला नंबर नाही. यायची तारीख तू टाक... जायची टाकावी लागत नाही.'

पलीकडून इतक्या बारीक आवाजात, 'बाबा... आईनं सांगितलं?'

आईनं? मी मागं वळलो. ही दारात उभी, पदर तोंडाशी. 'रोज दुपारी तुम्ही दुकानात गेलात की तिचा एक फोन येतो,' म्हणाली. 'खरा. सातचा तुमच्यासाठी असतो.'

पाच महिने! मला वेगळा फोन! मापाचा, अस्तर लावलेला! दोघींनी माझ्यासमोर पडदा लावला होता हो, आणि काय सफाई, एक टाका दिसेल तर शपथ! म्हटलं, का गं? मला का नाही? तर म्हणते, 'तिथून आल्यावर आठवडाभर गावभर तिचं सुख सांगत होतात. तुम्हाला कुणी सांगायचं?' मी फोन तसाच धरून खाली बसलो. पोरगी तिकडं रडतेय, आई इकडं रडतेय, आणि मी दोघींना म्हणतोय, 'अगं, होतं, होतं असं.' काय होतं? काही होत नाही असं!

काल ठकी आली. एक बॅग. कॅशियरसाहेब फाटकातच उभे, पाणी फुंकून पीत. 'अरे वा! मुलगी आली! मग सहलीचं काय? ते घर फसवं निघालं की काय शेवटी?'

म्हटलं, 'नाही हो साहेब. तुम्ही शिकवलंत तसं सगळं तपासलं. सगळं खरं निघालं.'

'मग!' असे खूश झाले म्हणता... 'वाचलात की हो!'

म्हटलं, 'हो... वाचलो म्हणायचं.'