मागून नेलेला बोका

जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याला घेऊन नंबर लावून बसलेल्या उमाचे कान शेजारच्या बाकाकडे लागले.

“विज्ञानकथांच्या पुस्तकांच्या दुकानात बोका कशाला पाळता, असं तुम्हीच म्हणत होते ना, मुकुंदशेठ? मंग तुमच्या बियाण्याच्या गोदामात उंदीर झाले तेव्हा माझाच बोका मागून नेला!”

“तुम्ही दिला म्हणून नेला, आसिफाताई.”

“दोन दिवसांसाठी दिल्ता! अन् तुम्ही गोदामात उंदराच्या औषधाच्या वड्या टाकून ठेवल्या? त्याच खाल्ल्या ना त्यानं!”

“एकट्या बोक्यावर कसा भरवसा ठेवणार? लाखाचं बियाणं आहे.”

“अन् माझ्या बोक्याचा जीव फुकटचा? दुकानात लेकरं आधी धूमकेतूला मांडीवर घेतात, मंगच पुस्तक उघडतात. सकाळपासून विचारून राह्यलेत, धूमकेतू कुठं गेला म्हणून. काय सांगू त्यांना?”

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. “वाचला तुमचा बोका. पण महिनाभर घराबाहेर सोडू नका.”

आसिफानं ओढणीनं डोळे पुसले.

“महिनाभर?” मुकुंदशेठ ताडकन उठले. “मंग माझ्या गोदामाचं कसं?”

“तुम्हीच बसा तिथं, उंदीर धरत. भूक लागली की वड्या हायेतच.”