इरम्मानं दाराशी काढलेल्या चपला

सन एकोणीसशे त्रेचाळीस. उमरग्याच्या मोटार अड्ड्यावर बारा वर्षांची महादेवी आईजवळ उभी होती. पुढं दोघी बायका बोलत होत्या. थोरल्या इरम्माचा मुलगा हैदराबादच्या विद्यापीठात शिकून आलेला, धाकट्या शांताक्काचा अजून तिथंच शिकत होता.

"शांताक्का, पोराला काढून आणायला निघालीस म्हण की."

"व्हय इरम्मा. हे गेल्यापासून कापडदुकानात माणूस न्हाय. बास झालं गुरुलिंगचं शिक्षण."

"आण. पण आधी म्हणावं, मला शहर दाव. माझ्या बसवराजनं दिवसभर पायी हिंडवलं. हितं शायर राहायचा, हितं मुशायरा भरतो, ह्या हाटेलात शायरीवरनं भांडणं होत्यात."

"देवळं न्हाय दावली?"

"दावलं की! विद्यापीठाचं किताबघर. छतापतुर पुस्तकं. म्या चपला दाराशीच काढल्या."

"अगं बाई! हसले असतील लोक."

"पहारेकरी हसला. बसवराज न्हाय हसला. त्यानंबी काढल्या. आत शंभर पोरं वाचत बसलेली, पान उलटल्याचा तेवढा आवाज. आपसूक हात जोडले गेले बघ."

"पोरीबी होत्या?" महादेवीनं मध्येच विचारलं. आईनं चिमटा काढला.

"होत्या की गं, चार-दोन."

मोटार आली. पायरीवर पाय ठेवून शांताक्कानं मागं वळून विचारलं, "त्या किताबघरात बायामाणसांना सोडत्यात न्हवं?"

आठ दिवसांनी शांताक्का एकटीच परतली. दुकान तिनं स्वतःच चालवलं, मरेपर्यंत. गुरुलिंग वकील झाला. इरम्मा पुढल्याच साली तापानं गेली. महादेवी सात वर्षांनी शिकायला म्हणून त्या किताबघराच्या दाराशी पोचली आणि तिनं चपला काढल्या. पहारेकरी हसला.