म्हातारीचा पत्ता

माझ्यावर घरात कुणाचा विश्वासच न्हाई. आमच्या सोनीनं जादूच्या लढाईचे पत्ते बनवले अन् छापायला गेवराईला निघाली. पत्ता टाकायचा तर त्याच्या ताकदीएवढे चिंचोके मोजायचे. राक्षसाला आठ, म्हातारीला एक.

मी म्हणलं, "अगं, म्हातारी मेलेला राक्षस उठवती, मग एवढी स्वस्त कावून?"

"आई, तुला न्हाई कळायचं."

"मांड डाव."

एकेका चिंचोक्यात राक्षस उठवून तिला तीनदा हरवलं. सोनी रडकुंडीला आली. "छापले असते तर सगळे वाया गेले असते! पप्पाच म्हणले, म्हातारीच्या अंगात ताकद ती किती, एकच चिंचोका ठेव!"

कोपऱ्यातून सासूबाई कडाडल्या, "कोण म्हणलं?"

लग्नापासून मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

"तुमचा दत्तात्रय!"