बादलीचा लाल

कारखान्यात जिला सगळे रंगवहिनी म्हणतात ती मी, वय ४६ वर्षे, शिक्षण रसायनशास्त्राची पदवी, काम प्लास्टिकचे रंग जुळवणे, राहणार कारखान्यामागची गल्ली, दिरांच्या घराचा वरचा मजला. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

कारखाना माझ्या मोठ्या दिरांचा आहे. माझे पती तिथेच मशीन चालवतात. काल दुपारी तीन नंबरच्या मशीनमध्ये आमच्या फिटरचा हात अडकला. पती धावत गेले, पण मशीन वेळेत बंद झाले नाही आणि मनगट चिरडले. हात राहील की नाही, डॉक्टर अजून बोलत नाहीत. आज सकाळी दिरांनी इथे येऊन सांगितले की, बंद करायचे लाल बटण नाकासमोर असताना माझे पती ठोंब्यासारखे उभे राहिले, म्हणून हलगर्जीपणाचा गुन्हा त्यांच्यावर नोंदवावा. धाकट्या भावासाठी सकाळी सकाळी, चहासुद्धा न घेता, एवढी धावपळ केली. माया असावी तर अशी.

त्या बटणाचा रंग ठरला तेव्हा मी हजर होते. अशी बटणे आम्हीच एका मशीनवाल्या कंपनीसाठी बनवतो. माल नायलॉनचा. बादलीच्या प्लास्टिकपेक्षा नायलॉन वितळायला बरीच जास्त उष्णता लागते आणि ती सगळ्या रंगांना झेपत नाही. काही तसेच्या तसे बाहेर येतात, काही करपतात. मी उष्णतेत टिकणारा लाल सुचवला. तो महाग होता. दीर म्हणाले, "अगं, लाल तो लाल! बादल्यांचा लाल पोतंभर पडलाय की."

मी म्हटले, "भाऊजी, नायलॉनमध्ये तो करपेल."

त्यांनी नमुना काढून दाखवला. बादलीच्या प्लास्टिकमध्ये, बादलीच्या उष्णतेवर. सुरेख लाल आला. दोन दिवस खिशात घालून ते तो नमुना ज्याला त्याला दाखवत होते. दाखवायची एक मुलगी आणि लग्नात उभी करायची दुसरी, असा तो प्रकार.

हवालदारसाहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितले. मुद्दा हाच आहे.

नायलॉनमध्ये तो रंग करपलेल्या कांद्यासारखा निघाला. कंपनीने सगळा माल परत पाठवला. दुसऱ्या कुणी तो फेकला असता, पण आमचे भाऊजी पडले काटकसरी. म्हणाले, "वाया कशाला घालवायचं? आपल्याच मशीनना लावा." मागच्या आठवड्यात तीन नंबरचे तडकलेले लाल बटण काढून त्या जागी हे बसवले. शेजारी काळ्या बटणांची रांग, वर तेलाचा थर. मी म्हटले की, थांबवायचं बटण तरी लाल असू द्या. त्यावर उत्तर आले, "बटण दाबायला असतं, बघायला नाही." शहाण्या माणसापुढे काय बोलणार?

माझे पती एक आणि दोन नंबरवर असतात. तिथे जुनी लाल बटणे आहेत. फिटर ओरडला तेव्हा पती तीन नंबरकडे धावले आणि लाल शोधू लागले. लाल नव्हतेच. एक काळे दाबले, दुसरे दाबले, शेवटी भिंतीवरचा मोठा स्विच ओढला. तेवढ्यात व्हायचे ते झाले.

कालपासून ते जेवलेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात आणि म्हणतात, "मी नुसता बघत उभा राहिलो गं." आपला भाऊ खोटे बोलेल यापेक्षा आपणच नालायक, हे त्यांना पटकन पटते. मला याचा संताप येतो. तोही लिहून घ्यावा.

हवालदारसाहेबांच्या कागदावर जप्त केलेले बटण "लाल रंगाचे" असे लिहिलेले आहे. तुम्ही पाहिलेत का, असे मी विचारले. ते म्हणाले, "बंद करायचं बटण म्हणजे लालच की हो." म्हटले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पाकीट उघडा. त्यांनी बटण काढून खिडकीशी धरले, बोटाने पुसले, पुन्हा धरले. मग बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या पतींना आत बोलावून विचारले, "काल तुम्ही काय शोधत होता?"

पती म्हणाले, "लाल बटण."

साहेबांनी ते त्यांच्या हातावर ठेवले. पतींनी उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे कशाचं आहे?"

कागदावरचा "लाल" हा शब्द साहेबांनी माझ्यासमोर खोडून "तपकिरी" केला व तिथे सही केली. माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. माझ्या विनंतीवरून तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचण्यात आला, कारण पहिल्यांदा वाचताना माझे पती रडत होते आणि त्यांना नीट ऐकू गेले नव्हते.