कागदाच्या खालच्या ओळी

आम्ही मूळचे धायरीचे, धायरी गाव व्हतं तेव्हाचे. मी चौथी नापास, पण खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, एक मेमो नाय. धाकटा भाऊ वसंता, त्याला मी शिकवला, तो शनिवार पेठेत वकिलाकडं कारकून, साहेबाचं इंग्रजी टाईप करायचा, मला कोण अभिमान.

माझी सुमन जन्मली ती गप्प. रडायची नाय, दूध मागायची नाय, जीभ बाहेर, अंग गार. बाया म्हणायच्या किती गुणाची पोर, आईला त्रास नाय. काय सांगू तुम्हाला, आम्ही कौतुक केलं त्याचं! चार महिने झाले तरी मान धरंना, मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टर घाईत, भराभरा इंग्रजीत लिहिलं, म्हणला समजलं ना? मी म्हणलं समजलं. मला इंग्रजी वाचता येत नाय हे त्याला कशाला सांगू? घरी वसंता हाय की.

वसंतानं कागद वाचला. पहिल्याच ओळीत शब्द व्हता, क्रेटिन. त्यानं वकिलाकडच्या शब्दकोशात बघितलं आन मला म्हणला, दादा, जन्माची मूढ असं लिहिलंय, ह्याला इलाज नाय, उगी खेटे घालू नको. कागद ट्रंकेत गेला. आमची मंडळी दोनदा म्हणली, अहो, परत दाखवू. मी वरडलो, वसंतापेक्षा जास्त शिकलीस का?

सुमन नऊ वर्षांची झाली, उंची तीन वर्षांच्या पोरीएवढी. कारखान्याच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, म्हणल्या जुने कागद आणा. वाचता वाचता थांबल्या. अहो, खाली गोळी लिहिलीय, रोज एक, आजपासून सुरू करा म्हणून, दिली नाहीत? पोरीच्या गळ्यातली ग्रंथी जन्मापासून काम करत नाय, तिचं काम गोळीनं करायचं, एवढंच व्हतं. आन तो वरचा शब्द, बाई म्हणल्या, आजाराचं जुनं नाव, लोकांनी त्याची शिवी केली, आता असं कुणी लिहीत नाही. त्यांनी नवा कागद केला, जन्मापासून थायरॉईड कमी.

तसाच वसंताकडं गेलो. खाली वाचलं नव्हतंस? म्हणला, दादा, वरचं वाचल्यावर खाली वाचायला काय उरलं व्हतं?

गोळीनं पोर वाढली, अंगात ऊब आली, हसायला लागली. डोकं काय भरून आलं नाय, ते म्हणे पहिल्या महिन्यांतच व्हायचं असतं.

आता ती बेचाळीसची. सकाळी उपाशी पोटी हातावर ठेवलेली गोळी स्वतः घेते, मग तासभर चहा नाय म्हणून घड्याळाकडं बघत बसते. वसंता थकलाय, दर रविवारी येतो. ती टाळ्या वाजवते, काका आला, आन आपल्या कपातला चहा त्याच्या बशीत ओतते. तो रडतो. मी उठून ग्यालरीत जातो, त्या कागदाचं कळलं त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाय. समजलं असं मीच म्हणलो व्हतो, कबूल. पण मला वाचता येत नव्हतं, त्याला येत व्हतं.

आमच्या माघारी सुमनला कुणीतरी मायेनं गोळी देऊ दे, एवढंच देवाकडं मागतो. वसंतासाठी काय मागायचं, ते अजून ठरलेलं नाय.