तेतच्या सकाळी काढलेला केर

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री, हे आधी लिहून घ्या, कारण आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. गाव गुहागरकडचं. बापूस आंब्याच्या बागेत राखणीला, बाग दुसऱ्याची आणि आम्ही राहायचो ती खोपही दुसऱ्याची. हापूस आमच्या डोळ्यांदेखत पेट्यांत भरून जायचा, आम्ही खाल्ला तो पडका, डागी, आणि पाऊस लागला की दोन्ही वेळ पेजच. काय सांगू तुम्हाला, कॉलेजला जायला एकच पँट, धुतलेली वाळली नाही तरी सकाळी तीच. पण चतुर्थीला आमच्यात पाच पानं मांडली जायची, आईबापूस आणि आम्ही तिघं भावंडं, डाळ पातळ असेल, पण पाच पानं एका ओळीत. बापूस म्हणायचा, आज कुणी मधून उठायचं नाही.

मग मी ओमानला आलो, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, टाक्या बनवायच्या कारखान्यात क्वालिटीला. बहीण डी.एड.ला होती, धाकटा डिप्लोमाला. सुट्टी दोन वर्षांनी एकदा, आणि ऐन चतुर्थीच्या दिवसांत ओव्हरटाइम जोरात, म्हणून मी सुट्टी घ्यायचो ती भलत्याच महिन्यात. पुढच्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी येतो, असं करत वर्षं गेली. बापूस वारला तेव्हाही मी इथंच होतो. कागद होऊन तिकीट हातात येईपर्यंत तिकडं सगळं उरकलं होतं, खलास.

तुआन शेजारच्या खोलीत राहायचा. वेल्डर, व्हिएतनामचा. त्यानं वेल्डिंग केलेले सांधे तपासायचं काम माझं, आणि त्याचा सांधा नापास करायची पाळी माझ्यावर कधी आली नाही, असा हात. मला भाय म्हणायचा. त्याच्या खोलीत त्यांची चार माणसं. फेब्रुवारीत त्यांचा तेत आला, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, आपल्या पाडव्यासारखं म्हणा, पण पाडवा एका दिवसात आटपतो, यांचं तसं नाही. आदल्या दुपारी गेलेल्या वाडवडलांना धूप लावून जेवायला बोलवायचं, ते तीन दिवस घरात राहतात, आणि जिवंत माणसानं, तो जगाच्या पाठीवर कुठंही असो, त्या जेवणाला घरी यायचं. तुआन तीन वर्षं गेला नव्हता. का, तर मुलगी शाळेत घातलेली आणि आईचं औषधपाणी. मला वेगळं सांगायला नको होतं.

त्यांना तांदूळ नि मुगाची डाळ पानात बांधून उकडायची होती, आणि पानं मिळेनात. मी एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बागेतून केळीची पानं आणली. ती बांधताना फाटायला लागली, तेव्हा मी म्हटलं, थांबा, अशी नाहीत, आधी शेगडीवर शेकवा, आमची आई पानग्यांना शेकवते तशी. झालं, मी त्यांच्यातलाच. फ्रिजवर तुआनच्या बापाचा फोटो, पुढं फळं, धूप. दुपारी त्यानं घरी फोन लावला नि मला दाखवला. तिकडं चटईवर जेवण मांडलेलं, सगळे बसलेले, म्हातारीच्या बाजूला एक वाटी, वाटीवर जेवायच्या दोन काड्या, आणि तिथं कुणीच बसलेलं नाही. हे कुणाचं, मी विचारलं. तुआन म्हणाला, मेरा, भाय. मामा पुट, एव्हरी तेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो तर सगळे झोपलेले, खाली पानांच्या चिंध्या, राख, शेंगांची टरफलं. आमची आई लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सूप बडवत केर बाहेर काढते, अवदसा जाऊ दे म्हणते. मला वाटलं, यांचं नवं वर्ष, आपण एवढं करू. झाडू घेतला, कोपरान् कोपरा झाडला, केर बाहेरच्या डब्यात टाकला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तुआन उठला, जमीन बघितली, आणि अनवाणी धावत सुटला. डब्यात हात घालून त्यानं तो केर ओंजळीनं परत आणला, राख, टरफलं, सगळं, आणि दाराआड कोपऱ्यात ठेवला. बाकीचे माझ्यावर ओरडले. तेव्हा मला कळलं की त्यांच्यात त्या दिवशी झाडू धरत नाहीत, आलेलं भाग्य केराबरोबर बाहेर जातं. तुआन म्हणाला, नो प्रॉब्लेम भाय, ऑल कम बॅक. पण दाराआडचा केर तो परत परत हातानं आत सारत होता.

उन्हाळा चढायला लागला नि त्याची आई गेली. मी त्याच्या खाटेपाशी जाऊन बसलो, मी शिकलेला माणूस, बी.एस्सी., पण त्याला म्हटलं, तुआन, तो केर मी काढला रे. तो उठून बसला. मग म्हणाला, ब्रूम नो प्रॉब्लेम, भाय. आय नो गो. दॅट प्रॉब्लेम. त्याच महिन्यात तो नोकरी सोडून कायमचा घरी गेला. बसमध्ये चढताना मला म्हणाला, यू गो. यू ईट.

मी आईला फोन लावला. आई, चतुर्थीला माझं पान वाढतेस काय गं? ती म्हणाली, वाडतंय की, दरसाल वाडतंय. आणि मग? मग काय, गाय खाते. तुज्यामुळं चांगली पोसल्ये, बघ.

ती हसली, मी नाही हसलो. दुसऱ्या दिवशी सुट्टीचा अर्ज दिला. साहेब म्हणाला, या सीझनला? मी म्हटलं, या सीझनलाच, नाहीतर राजीनामा घ्या.

गेलो. पाच पानं मांडली होती. बापसाच्या पानापुढं कुणी नव्हतं, तिकडं मला बघवेना. पण बहीण मास्तरीण होऊन बसली होती, धाकटा डिप्लोमा घेऊन, आणि आईनं माझ्या पानावर भात वाढला. देव तिला आयुष्य देवो.

मी अजून सोहारलाच आहे. त्यानंतर एकही चतुर्थी चुकवली नाही. माझं पान मीच जेवतो.