बायकी काठी

शीतल : एवढंच सांगितलं होतं ना आबा, गोल्फच्या मैदानावर तोंडातून शब्द काढायचा नाही?

बबनराव : आं?

शीतल : शब्द काढायचा नाही, असं मी म्हणाले होते.

बबनराव : हळू बोल की. सगळी एस्टी बघतीया.

शीतल : हळू बोलले की तुम्हाला ऐकू येत न्हाई. मशीन कुठंय?

बबनराव : खिशात हाय.

शीतल : खिसा ऐकतो का?

बबनराव : शिरूरच्या साखरपुड्यात घातलं हुतं. पाव्हणं म्हणलं, बबनराव, कानात भुंगा शिरला का? तवापास्नं खिशातच बरं.

शीतल : आणि आज? सर शेवटचा फटका मारणार, सगळे श्वास धरून उभे. तेवढ्यात तुमचं सुरू.

बबनराव : म्या तर शेजारच्याच्या कानात बोललो.

शीतल : कानात? पार झेंड्यापर्यंत गेलं. 'एवढा नावाजलेला गडी, आन् पिशवीत बायकी काठी.' चेंडू भोकाच्या कडेनं निघून गेला, आबा.

बबनराव : तूच म्हणली हुतीस, जाड डोक्याची काठी बायका न् म्हातारी वापरत्यात.

शीतल : लोक तसं चिडवतात, असं मी म्हणाले होते. पुढचं तुम्ही ऐकलंच न्हाई.

बबनराव : तुझ्या कामाचं काय झालं मग?

शीतल : काय होणार? त्यांची काठ्यांची पिशवी मी वाहते हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. आता तुम्ही माझे वडील, हेबी ठाऊक झालं.

बबनराव : अगं हळू. कंडक्टरनं मान वळवली.

शीतल : मग मशीन घाला, हळू सांगते. न्हाईतर ही गाडी दौंडला पोचेपर्यंत सगळ्यांना पाठ होईल.

(बबनराव खिडकीकडं तोंड करून मशीन कानात बसवतात.)

बबनराव : हं, बोल.

शीतल : येतंय ऐकू?

बबनराव : व्हय. तुझा आवाज बसल्यावाणी झालाय. कवापास्नं?

शीतल : तुमच्याशी बोलून बोलून.

बबनराव : ...त्ये साहेब नंतर माझ्यापाशी आलं, काय म्हणलं? मला नुसतं तोंड हललेलं दिसलं.

शीतल : म्हणाले, 'काका, लोखंडाच्या लांब काठीनं चेंडू उचलणं मला आता जमत नाही. ही जाड डोक्याची उचलते. मग हिला लोक काय म्हणतात, ते मी कशाला बघू?'

बबनराव : आन् मी?

शीतल : तुम्ही हसलात. वर मान डोलावलीत.

बबनराव : अरारा. मला वाटलं, जेवलात का इचारत्यात.

शीतल : लोकांना वाटलं, त्यांच्या तोंडावर त्यांची टर उडवताय.

बबनराव : तू काय केलंस मग?

शीतल : पिशवी पुसत बसले. स्वच्छच होती.

बबनराव : मग आता?

शीतल : सरांनी उद्या बोलावलंय. वडलांनाही आण म्हणाले. कामावर ठेवायला की काढायला, ते काही बोलले न्हाईत.

बबनराव : येतो की. समद्यांम्होरं माफी मागतो.

शीतल : मशीन घालून?

बबनराव : घालून.

शीतल : उद्याचं उद्या. आधी यवत येऊ द्या. स्टँडवर आण्णा बसलेले असतील, सगळी कंपनी घेऊन.

बबनराव : व्हय, असंल.

शीतल : हात कानाकडं चालला तुमचा.

बबनराव : खाज सुटली.

शीतल : उतरा, यवत आलं. मी पिशवी घेते.

आण्णा : हनुमंता, बहिरं आलं बघ. टाक एक कट चहा. ...ओ बबनराव! या, या! कसं झालं पुण्याला?

बबनराव : वरडू नगं, आण्णा. ऐकू येतंय मला.

आण्णा : आँ? कवापास्नं?

बबनराव : बहिरं आलं म्हणलास, तवापास्नं.